पहिल्या फ्लॅशच्या आधी

सोमवारी तापवलेल्या पानांची रेघ तिसऱ्या फ्लॅशला सरळ वर गेली. देवमन प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत अंधारात होता, त्याला ती दिसली नाही. दारापलीकडे कॉम्प्युटरसमोर बसलेल्या रागिणीची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तेवढा आला, आणि मग तिनं विचारलं, काका, आज काही वेगळं केलं का? तो नाही म्हणाला. म्हणताना त्याचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता आणि खिसा रिकामा होता. मोबाईल अकोल्याला राहिला होता. रविवारी बायकोचं, शालूचं वर्षश्राद्ध झालं, तिच्या भावाच्या घरी खुंटीला लावलेला शर्ट घाईनं अंगात घालून तो संध्याकाळच्या गाडीला निघाला होता, आणि बडनेऱ्याला उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं. पण आता अंधारात हात खिशावर का गेला, हे त्याला लगेच समजलं नाही. हात गेला आणि तिथंच राहिला. बाहेर रागिणी म्हणत होती, की नमुना बिघडला असणार, आजचा सोडून देऊ, तुम्ही वहीत तसं लिहून टाका. त्यानं दिवा लावला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वहीत त्यानं तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबवून बसला.

तो अमरावतीच्या त्या कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होता. वनस्पतिशास्त्र त्याला शिकून येत नव्हतं, करून येत होतं. पालकाची पानं गार द्रावणात वाटायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, यंत्रात फिरवून खाली बसलेला हिरवा गाळ घ्यायचा, हे सगळं बर्फावर आणि मंद हिरव्या दिव्यात. मग त्याचा पातळ थर प्लॅटिनमच्या पत्र्यावर द्यायचा, दिवा मालवायचा आणि दहा मिनिटं काही करायचं नाही. ही दहा मिनिटं त्याची. कोणी विचारलं तर तो सांगे, आपलं काम अंधार सांभाळायचं. दहा मिनिटांनी बाहेरून रागिणी विचारायची, काका, हो? तो म्हणायचा, हो. मग वरचा दिवा क्षणभर टक् करून पेटायचा, सेकंदानं पुन्हा टक्, असा वीसदा, आणि प्रत्येक टक्‌ला त्या हिरव्या थरातून किती ऑक्सिजन सुटला ते बाहेर रेघेत उमटायचं. रागिणीला सगळे मॅडम म्हणत, तोही म्हणे, पण ती त्याच्या मुलीच्या, मंजुषाच्या वयाची होती आणि पीएच.डी.चं शेवटचं वर्ष असल्यामुळे दुपारचा डबा अर्धाच खात होती.

पहिल्या दोन फ्लॅशला जवळजवळ काही का येत नाही आणि तिसऱ्यालाच का येतं, हे तिनं त्याला फेब्रुवारीत सांगितलं होतं. टेबलावर खडूनं चार चौकोन काढले होते आणि त्याच्याच बरणीतले तुरीचे शंभर दाणे घेतले होते. पानातलं एकेक केंद्र म्हणजे एक दाणा. फ्लॅश पडला की दाणा एक घर पुढं जातो, चौथ्या घरातून निघताना ऑक्सिजन सोडतो आणि पुन्हा पहिल्या घरात येतो. अंधारात ठेवले की दाणे मागं येऊन बसतात, पण सगळे पहिल्या घरात नाही. पाऊणशे दुसऱ्या घरात, पंचवीस पहिल्या. म्हणून सगळ्यांत जास्त ऑक्सिजन तिसऱ्या फ्लॅशला, मग सातव्याला, मग अकराव्याला. आणि प्रत्येक फ्लॅशला शंभरातले दहाएक दाणे हलतच नाहीत. उजेड त्यांच्यावरही पडलेला असतो, पण वाया जातो. ते मागं राहतात, म्हणून हळूहळू सगळे दाणे सगळ्या घरांत पांगतात आणि लय मोडते. तिचं कॉम्प्युटरवरचं गणित म्हणजे हेच दाणे पुढं सरकवणं आणि खरी रेघ जुळेपर्यंत वाया जाणाऱ्यांचा आकडा बदलत राहणं. त्यानं विचारलं होतं, ते दहा कावून हालत नाही? ती म्हणाली, नेमकं सांगता येत नाही काका. दर वेळी तेच दहा नसतात. चूक कोणाची नसते, तेवढं धरूनच चालायचं असतं.

हे उत्तर त्याला बरं वाटलं होतं. शालू जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

रागिणीचं म्हणणं असं होतं, की ऊन लागलेल्या पानात हे वाया जाणं वाढतं. वऱ्हाडात एप्रिलपासून पारा पंचेचाळीसला जातो, आणि तरी गावरान पालक कुठंकुठं तग धरतो, तर आत नेमकं काय होतं ते पाहायचं. बी देवमननंच आणून दिलं होतं. शालूचा भाऊ भगवंत अकोल्याजवळ मोर्णा नदीच्या काठाला भाजीपाला पिकवायचा, तिच्या वडिलांपासून घरचंच बी धरत आले होते ते. प्रयोगशाळेच्या मागं, कडुनिंबाजवळ देवमननं कुंड्या लावल्या होत्या. रोज दहा वाजता साध्या पानांचा नमुना, आणि मग चाळीस अंशाच्या पाण्यात ठेवून काढलेल्या पानांचा. तो तयार होऊन पत्र्यावर जायला अकरा दहा व्हायचे. फेब्रुवारीपासून परीक्षा आणि सुट्ट्या सोडून एक्केचाळीस दिवस हे झालं होतं, आणि एक्केचाळीसही दिवस साध्या पानांत दहा आणि तापवलेल्यांत वीस असा वाया जाणाऱ्यांचा आकडा येत होता. तापवलेल्या पानांत पहिल्याच फ्लॅशला थोडा ऑक्सिजन यायचा, तो कशात बसत नव्हता, म्हणून तिनं पहिला आकडा बाजूला ठेवला होता. पहिला आकडा पुष्कळ जण सोडतात, असं ती म्हणाली होती. हैदराबादच्या परिषदेला तिनं गोषवारा पाठवला होता, त्यांचं होकाराचं पत्र आलं होतं, आणि तिनं त्याला समोसा आणून खाऊ घातला होता.

आणि आज, एकच दिवस, खिसा रिकामा असताना, तापवलेल्या पानांनी साध्या पानांसारखी उभी रेघ काढली होती.

त्यानं वहीतला शेरा लिहिला नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो अकोल्याला निघाला. मूर्तिजापूरला गाडी उगाच वीस मिनिटं थांबली. फलाटावर एक बाई संत्र्यांच्या टोपल्यापाशी बसून मोबाईलवर बोलत होती आणि बोलता बोलता गिऱ्हाईकाला संत्री निवडून देत होती. तो खिडकीतून पाहत राहिला. शालूची हृदयातली झडप बिघडली तेव्हा रक्त पातळ ठेवायची गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायला सांगितली होती. डॉक्टरांनी वेळ विचारली, तर शालू म्हणाली, अकरा वीस. कावून, तर दहाला धुणं होते, अकराला देवपूजा होते, मंग मी मोकळी. मंजुषा नागपूरहून आली होती, तिनं बापाच्या मोबाईलमध्ये अकरा वीसचा गजर लावून दिला आणि त्यावर लिहिलं, आईची गोळी. आवाज बंद, फक्त थरथर, म्हणजे कॉलेजात कोणाला त्रास नको. तेव्हापासून अकरा वीसला तो प्रयोगशाळेतून बाहेर पडायचा आणि कडुनिंबाखाली उभा राहून घरी फोन लावायचा. कोणाचाही प्रयोग असो, आत त्या वेळी दुसरं कोणी बसायचं. घेतली का? घेतली. कशासोबत? पाण्यासोबत, मंग काय दारूसोबत? मग ती कुंड्यांतल्या पालकाला पाणी घातलं का विचारायची. दोन वर्षं रोज हेच बोलणं, त्यात नवं काही नसायचं. कधी प्राचार्यांनी बोलावलं, कधी रेंज नसली, तर फोन राहून जायचा. दहातून एकदा असेल. ज्या सकाळी ती ओट्यापाशी बसली आणि उठलीच नाही, त्याच्या आदल्या दिवशी फोन राहिला होता की झाला होता, हे त्याला आठवत नव्हतं. वर्षभर त्यानं ते आठवून पाहिलं होतं. गोळ्यांचं पाकीट पाहिलं होतं, त्यात बरोबर तेवढ्या गोळ्या कमी होत्या. म्हणजे फोनवर काही अवलंबून नव्हतं. हे कळूनही आठवणं थांबलं नाही.

ती गेल्यावर अकरा वीसला बाहेर जायचं कारण उरलं नाही. तो आतच बसू लागला. रागिणीचं काम सुरू झालं तेव्हा तर अंधाराची दहा मिनिटं बरोबर त्या वेळेवर येऊ लागली. गजर बंद कसा करायचा ते त्याला येत नव्हतं, हे पहिला महिनाभर खरं होतं. नंतर ते खरं राहिलं नाही. अंधारात खिसा थरथरायचा, तो मोबाईल बाहेर काढायचा आणि धरून बसायचा. काचेवर पांढऱ्या अक्षरांत आईची गोळी आणि खाली वेळ. तो बटन दाबत नसे. एक मिनिट थरथरून मोबाईल आपोआप शांत व्हायचा, काळा व्हायचा, आणि मग बाहेरून आवाज यायचा, काका, हो? त्या मिनिटात तो काही फार मोठा विचार करत होता असं नाही. कधी तुरीच्या डाळीचा करायचा, कधी गॅसच्या नंबरचा. पत्र्यावरचा हिरवा थर त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावर असायचा. एकतीस वर्षं अंधार सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या हातातला उजेड दिसला नव्हता, ही गोष्ट मूर्तिजापूर सुटल्यावर त्याच्यापुढं नीट उभी राहिली. शालू असती तर अकरा वीसला तो कडुनिंबाखाली असता, आणि पानं अंधारात राहिली असती.

भगवंतच्या घरी पोचला तेव्हा अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. भगवंतची बायको भावना म्हणाली, भाऊजी, एवढ्यासाठी कशाले आले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातानं धाडला असता. मोबाईल देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. चहा देताना तिनं सांगितलं, की सकाळी तो फळीवर थरथरला, हळदीकुंकवाची कोयरी खाली पडली. तिनं उचलून पाहिलं, वाचलं, आणि कोणाचं काय म्हणून तसाच ठेवला. शालूची आई आशाबाई भिंतीला टेकून जुड्यांना सुतळी गुंडाळत होती. तिला ऐकू कमी येई, पण भावना काय सांगते ते तिला ठाऊक होतं, कारण सकाळी वाचून दाखव म्हणून तीच मागं लागली होती.

"गोळीवाली तं गेली ना बापू," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "मंग हे कावून वाजून राहिलं?"

"बंद करायचं राहून गेलं."

"साल झालं."

म्हातारीनं एक जुडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"मी सकाळी तांब्याभर पानी घेऊन उठली होती," ती म्हणाली. "दारापर्यंत गेली. मंग ध्यानात आलं." आणि सुतळीची गाठ आवळत, "वाजू दे. मले काय."

मंगळवारी तो दुपारपर्यंत परत आला, त्या दिवशी प्रयोग झाला नाही. घरी त्यानं भांडी घासली, पाणी भरलं. सांगायचं की नाही, हा प्रश्न त्याला वाटला होता तेवढा मोठा नव्हता, सांगायचंच होतं. पण काय सांगायचं? मोबाईल खिशात राहत होता, असं म्हटलं असतं तर भागलं असतं. चूक तेवढ्यात संपली असती, ती चिडली असती आणि तिनं मोबाईल बाहेर ठेवायला लावला असता. पण कापडातून झिरपणारा उजेड आणि हातात धरलेला उजेड यांत फरक होता. खिशात होता असं सांगितलं तर तिचं गणित पुन्हा चुकणार होतं. हे कोणाला सांगितलं नसतं तर चाललं असतं, अशी ती एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, आणि तीच नेमकी लागणार होती.

बुधवारी तो म्हणाला, मॅडम, आज उलटं करू. आधी तापवलेलं, मंग साधं. सोमवारच्या रेघेनं रागिणीची झोप गेलीच होती, ती लगेच हो म्हणाली. दहा वाजता तापवलेली पानं पत्र्यावर गेली आणि तिसऱ्या फ्लॅशला रेघ सरळ वर गेली. अकरा वीसला साधी पानं होती. खिसा थरथरला, त्यानं मोबाईल काढला, रोजच्यासारखा धरला, मिनिटभर. मग हो म्हणाला. बाहेरची खुर्ची हलली नाही. वीस टक् झाले. तो दार उघडून बाहेर आला तेव्हा ती पडद्याकडे पाहत होती. न तापवलेल्या पानांची रेघ पसरट होती, एक्केचाळीस दिवसांसारखी.

"उन्हाचं नव्हतं ते," देवमन म्हणाला. "माह्या हातात मोबाईल पेटत होता जी."

तिला आधी समजलं नाही. त्यानं गजर दाखवला. तिनं वाचलं. एवढं वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ती त्याकडे पाहत राहिली.

"रोज?"

"रोज जी."

"किती वेळ?"

"एक मिनिट. वाजून वाजून थांबते आपोआप."

"तुम्ही बंद करत नव्हता?"

"नाही."

ती उठून बाहेर गेली. खिडकीतून त्याला ती कुंड्यांपाशी उभी दिसत होती. तिनं एकदा चप्पल काढली, पुन्हा घातली. तो बाकावर बसून राहिला. चहावाला येऊन गेला, तिचा कप ठेवून गेला, त्यावर साय धरली. ती आली ती सरळ कॉम्प्युटरसमोर बसली. तिनं सुरुवातीचे दाणे बदलले. पाऊणशे आणि पंचवीस काढून चारही घरांत थोडेथोडे टाकले, जणू फ्लॅशच्या आधीच काही जण पुढं चालून गेले होते. वाया जाण्याचा आकडा पुन्हा दहावर आणला. रेघ रेघेवर बसली. मग तिनं बाजूला ठेवलेला पहिला आकडा परत घेतला, आणि तोही बसला. ती म्हणाली, हा इथंच होता काका, पहिल्या दिवसापासून. मीच त्याला बाहेर ठेवलं. मग तिनं हैदराबादला पत्र लिहिलं, की गोषवारा मागं घेते. लिहिताना दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा चारच ओळी लिहिल्या आणि पाठवून दिलं. दोन वर्षांच्या कामातले सहा महिने गेले, ती म्हणाली. एवढंच.

दुपारी तिनं उजेड मोजायचं यंत्र मागवलं. आकडा अंदाजानं चालणार नव्हता. पत्र्याच्या जागी यंत्राची टोपी ठेवली, दिवा मालवला आणि ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. गजराची वेळ तिनं दोन मिनिटांनंतरची करून दिली होती. अंधारात ती म्हणाली, "कसा धरत होतात, तसाच धरा. माझ्यासाठी बदलू नका."

तो मांडीवर कोपर टेकवून बसला. मोबाईल थरथरला. त्यानं रोजच्यासारखा धरला, अक्षरं आपल्याकडे, किंचित वाकडा. त्या उजेडात तिचा गुडघा दिसत होता आणि यंत्राचा काळा डोळा. मिनिट फार लांब होतं. एकट्यानं बसताना ते इतकं लांब नसायचं. ती अक्षरांकडे पाहत नव्हती, आकड्याकडे पाहत होती, याचं त्याला बरं वाटलं. काळं झाल्यावर तिनं हातातल्या छोट्या लाल दिव्यात आकडा लिहिला आणि म्हणाली, तीन वेळा घ्यावं लागतं. दोनदा पुन्हा तिनं वेळ बदलली, दोनदा पुन्हा तो तसाच बसला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तिनं सहज विचारलं, काकू कशानं गेल्या, आणि त्यानं सांगितलं, झडप. मग तिनं गजराची वेळ परत अकरा वीस केली आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. उद्यापासून बाहेर माझ्या टेबलाच्या खणात ठेवत जा, म्हणाली.

त्यानं वही काढली. सोमवारच्या नोंदीपुढं शेऱ्यात लिहिलं, नमुना ठीक. फेब्रुवारीपासूनच्या एक्केचाळीस ओळींपुढं एकेक करून लिहिलं, मोबाईल, एक मिनिट, हातभर अंतर. लिहून होईपर्यंत साडेपाच वाजले.

गुरुवारी तापवलेली पानं अकरा दहाला पत्र्यावर गेली. दिवा मालवून तो बसला. आता खरा अंधार होता, आपला हातही दिसत नव्हता. काही वेळानं उजवा हात खिशावर गेला, आणि त्याच वेळी दारापलीकडे लाकडी खण घरघरू लागला. जुना खण होता, आत कात्री आणि पेनं होती, सगळं वाजत होतं. खण उघडल्याचा आवाज आला. ती आता बटन दाबेल, असं त्याला वाटलं. खण वाजत राहिला, उघड्यानं, पूर्ण मिनिटभर, आणि मग थांबला. खण हळूच आत सरकवल्याचा आवाज आला.

"काका, हो?"

"हो," देवमन म्हणाला.